मी वाजले होते

मी एक जुनी पितळी घंटी आहे, मित्रांनो. शाळा सुटताना घणघणते ती मी नव्हे आणि देवळातलीही नव्हे. मी वकिलाच्या टेबलावरची. उपड्या वाटीसारखी माझी घडण, डोक्यावर एक बटण आणि पोटात एक बारीकशी हातोडी. बटण दाबले की हातोडी वाटीवर आपटते आणि बाहेरच्या खोलीतला माणूस उठून आत येतो. एवढेच माझे काम. माझी कहाणी ऐकून तुम्हाला माझे कौतुक वाटेल, असे काही मला वाटत नाही. मला स्वतःलाच माझी लाज वाटते. तरीही सांगते, कारण सांगितली नाही तर ती लाज आणखी वाढेल.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचे राज्य गेले, त्यानंतर थोड्याच वर्षांनी माझा जन्म झाला. एका ओताऱ्याने मला घडवले आणि मी गुलमंडीतल्या एका दुकानाच्या फळीवर येऊन बसले. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. कोर्टातली उर्दू हळूहळू जात होती आणि चांगले मुरलेले वकीलसुद्धा शाळकरी मुलांसारखे नव्याने अर्ज लिहायला शिकत होते. त्यांतलेच एक काकासाहेब वकील दुकानात आले. त्यांनी फळीवरच्या सगळ्या घंट्या वाजवून पाहिल्या. माझ्यावर बोट टेकवले मात्र, अख्ख्या दुकानाने माना वळवल्या.

"येच लेके जाव, वकीलसाब," दुकानदार म्हणाला. "इसकी आवाज सुनके मुर्दा भी उठके आता!"

काकासाहेब हसले आणि मला घेऊन गेले. त्या दिवसापासून मला माझ्या आवाजाचा भारी तोरा होता.

काकासाहेबांचे ऑफिस दोन खोल्यांचे होते. बाहेर मुन्शी, ज्युनिअर वकील आणि पक्षकारांसाठी एक लांब बाकडे. आत साहेबांचे टेबल आणि टेबलावर मी. मधल्या दाराला दुधी काच होती. तिच्यातून माणसाचा चेहरा दिसत नसे, पण सावली दिसे. काकासाहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना नियम सांगून ठेवला. घंटी मुन्शीची. ती वाजली की मुन्शीने आत यायचे, दुसऱ्या कोणी जागचे हलायचे नाही. आणि आत जे होईल, जे बोलले जाईल, ते बाहेर न्यायचे नाही.

नियम चांगला होता, मित्रांनो. वकिलाकडे माणूस झाकून ठेवलेले दुःख घेऊन येतो. कोणाची जमीन भावाने लाटलेली असते, कोणाच्या लेकीला सासरी मारहाण होत असते. ते चार भिंतींबाहेर गेले तर त्या माणसाने जायचे कुठे? या नियमामुळे कित्येक बायाबापड्या त्या खोलीत मनमोकळे रडल्या. मी ते पाहिले आहे. पुढे त्याच नियमाचा काय उपयोग झाला, तेही मीच पाहिले.

काकासाहेबांनंतर त्यांचा मुलगा बद्रीनाथ त्या खुर्चीत बसला. शहरात हायकोर्टाचे खंडपीठ आले, कामे वाढली आणि बद्रीनाथसाहेबांचे नावही वाढले. बोलणे असे गोड की समोरचा वकील हरला तरी हात मिळवून जाई. ते बाररूममध्ये शिरले की तरुण वकील उठून उभे राहत, काही जण वाकून पायाही पडत. महिला दिनाच्या भाषणाला त्यांनाच बोलावणे असे आणि भाषण ते उत्तम करत. मग मंडळी ऑफिसात येऊन चहा पीत, साहेबांची स्तुती करत. त्यातली थोडी माझ्याही वाट्याला येई. "साहेब, अँटिक पीस आहे हो तुमची घंटी!" असे कोणी म्हणाले की मी फुगून जाई.

माझा खरा सोबती मात्र सांडू मुन्शी. चितेगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला, बेताची शेती असलेल्या घरातला. मिसरूड फुटायच्या वयात तो ऑफिसात आला आणि तिथेच त्याचे केस पिकले. दर शनिवारी तो मला चिंचेने घासून लखलखीत करी. माझा आवाज विरायच्या आत तो दारात हजर असे. "जी साहेब!" जेवताना वाजले तर उष्ट्या हाताने येई. एकदा तर त्याला बाकड्यावर डुलकी लागली होती. मी वाजले आणि हा झोपेतच उठून आत आला! साहेबसुद्धा हसले होते त्या दिवशी. सांडूच्या मुलाला साहेबांच्या शब्दावर कारखान्यात नोकरी लागली होती. त्यामुळे सांडू साहेबांचे नाव देवाच्या जोडीने घेई.

आता लक्ष्मीताईंविषयी सांगायला हवे. सांगताना जड जाते, पण टाळून चालणार नाही. त्या वकिलीची सनद घेऊन साहेबांच्या हाताखाली शिकायला आल्या. रोज पुंडलिकनगरहून स्कूटीवर येत. नीटनेटक्या, कामाला पक्क्या. पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी साहेबांनी त्यांना मजकूर लिहून घ्यायला आत बोलावले. सांगता सांगता साहेबांची खुर्ची टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीला येऊन चिकटली. साहेबांचा हात त्यांच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. लक्ष्मीताई अंग चोरून बसल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. त्यांचे बोट माझ्यापासून वीतभर लांब होते. ते पुढे आले नाही. "सर, आई वाट बघतेय," असे काहीतरी पुटपुटत त्या उठल्या आणि फाइल छातीशी धरून बाहेर गेल्या.

त्यानंतर त्या आतल्या खोलीत कधी बसल्या नाहीत. मजकूर कितीही लांब असो, दाराशी उभे राहून लिहून घेत.

"ताई, बसत का नाय तुम्ही?" सांडूने एकदा विचारले.

"पाठ धरते हो बसलं की," त्या म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, मग सोडायचे ना ते ऑफिस! वकिलांच्या जगात ते तितके सोपे नसते. सनद मिळाली तरी काम शिकायला ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली राहावे लागते, आणि एकाचे ऑफिस सोडून दुसऱ्याकडे जायचे तर पहिल्याचा होकार लागतो. कागदावर असा नियम कुठेच नाही, पण तो मोडल्याचे मी कधी ऐकले नाही. दुसरा वकील आधी फोन करून विचारतो, "काय हो, का सोडतेय ती?" मग साहेब जे सांगतील ते खरे. लक्ष्मीताई हे जाणून होत्या. त्या राहिल्या, आणि दाराशी उभे राहून लिहीत राहिल्या. मी रोज त्यांना पाहत होते आणि चकाकत होते.

काही वर्षांनी सुगंधा आली. तिचे वडील सोनाजी सांडूच्या शेजारच्या गावचे, मेंढरे राखणारे. त्यांच्या घरात वकील तर सोडाच, कॉलेजची पायरी चढलेलेही कोणी नव्हते. साहेबांकडे शब्द टाकला तो सांडूने. सोनाजी तिला सोडायला आले तेव्हा मधले दार उघडेच होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"आत या की, सोनाजी."

"नगं दादा, पायाला चिखल हाय. पोरगी तेवढी तुमच्या भरवशावर धाडतो. कोर्टातलं तिला काय ठावं नाय, पर अभ्यास लई केलाय तिनं."

"काय काळजी करू नगा. भाचीवानी हाय ती मला."

सुगंधा तेव्हापासून सांडूला मामा म्हणू लागली. तो तिला कोर्टातल्या खाचाखोचा दाखवी, कोणत्या टेबलावर कोणता अर्ज द्यायचा ते शिकवी. तिने पहिल्यांदा कोर्टात उभे राहून तारीख मागून घेतली, तेव्हा सांडूने ऑफिसात सगळ्यांना भजी आणली होती.

मग तो मे महिना आला. कोर्टाला सुट्टी होती. दुपारचे ऊन असे की रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. बाकडे रिकामे. बाहेर फक्त सांडू आणि लक्ष्मीताई. साहेबांनी सुगंधाला मजकूर लिहून घ्यायला बोलावले आणि म्हणाले, "दार लोटून घे, कूलरची हवा बाहेर जाते."

तिने दार लोटले. थोड्या वेळाने साहेबांची खुर्ची टेबलाला वळसा घालून आली. मी ती चाल ओळखत होते. हात खांद्यावर आला तशी सुगंधा उठून उभी राहिली.

"सर, हे मला चालत नाही."

साहेबांनी तिचे मनगट धरले. "एवढं काय झालं? तुला मोठी वकील करायचंय मला."

"हात सोडा, सर."

साहेब हसले. हात सोडला नाही. तिचा दुसरा हात मोकळा होता. त्या हाताने तिने माझे बटण दाबले.

मी वाजले, मित्रांनो! साऱ्या आयुष्यात मी तशी वाजले नव्हते. ती दाबत राहिली आणि मी वाजत राहिले. काचेपलीकडे सांडूची सावली उठली. ती दाराकडे आली, मोठी होत होत काचभर झाली. सुगंधाने माझ्यावरचे बोट काढले. दाराची मूठ अर्धी वळली. आता उघडेल, असे मला वाटले. सगळे अगदी थांबून राहिले होते. मग मूठ हळूच पूर्वीच्या जागी गेली, सावली लहान होत मागे सरली आणि खाली बसली. लक्ष्मीताईंची सावली तर उठलीच नाही. घंटी मुन्शीची होती ना!

सुगंधाचा हात पुन्हा माझ्याकडे झेपावला. तेवढ्यात साहेबांनी दोन्ही हातांनी झडप घालून मला हिसकावून घेतले. मला धरायला त्यांना तिचा हात सोडावा लागला आणि त्याच क्षणी ती दार उघडून बाहेर पडली. साहेब मला मुठीत धरून आतूनच म्हणाले, आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सांडू, मॅडमला पाणी दे. ऊन लागलंय त्यांना."

सांडूने माठातले पाणी आणले. पेला तिच्यापुढे धरला, पण मान वर केली नाही. तिने पाणी घेतले नाही. आपली पिशवी उचलली आणि त्या उन्हात निघून गेली.

नंतरचे दिवस मला वकील मंडळींच्या बोलण्यातून कळले. चहा पिता पिता तीच साहेबांना सांगत. सुगंधा कितीतरी वकिलांकडे जाऊन आली होती. आपल्याच माणसाविरुद्ध वकीलपत्र कसे घ्यायचे, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने लग्न व्हायचे आहे ना तुझे, असे विचारले. तिसरा म्हणाला, पुरावा काय? शेवटी तिने आपली तक्रार आपणच लिहिली आणि जिल्ह्याच्या समितीकडे दिली. लहान ऑफिसांतल्या बायकांच्या अशा तक्रारी ती समिती ऐकते. तक्रारीत तिने लिहिले होते की तिने घंटी वाजवली आणि तेव्हा बाहेर दोघे जण होते. घंटी ऐकल्याचे कोणी सांगितले तर ती खरी ठरणार होती. नाहीतर एका मेंढपाळाच्या मुलीने एवढ्या मोठ्या वकिलावर चिखलफेक केली, असेच जग म्हणणार होते, आणि तिची वकिली सुरू होण्याआधीच संपणार होती.

साहेबांनी सांडूला आत बोलावले. "सांडू, ही घंटी दिवाळीपासून बंद आहे. खरं ना?"

सांडूने माझ्याकडे पाहिले.

"तुझ्या मुलाचं बरं चाललंय ना कारखान्यात?"

"जी साहेब."

सांडूने मला बाहेर नेले. स्क्रू काढला आणि माझ्या पोटातली हातोडी काढून टाकली. मला चिंचेने घासणारे तेच हात. मला काय वाटले सांगू? तुम्ही मला वाईट म्हणाल. मला हायसे वाटले. आता मला कोणी काही विचारणार नाही, असे मनात आले. त्या विचाराची मला आजही सगळ्यात जास्त शरम वाटते.

समितीच्या अध्यक्षबाई आणि दोन सदस्य जागा पाहायला ऑफिसात आले. सुगंधा आणि सोनाजी बाकड्यावर बसले. सांडूने पूर्वीसारखे "या सोनाजी" म्हटले नाही. अध्यक्षबाईंनी बाहेरच सांडूला आणि लक्ष्मीताईंना घंटीबद्दल विचारले.

"बंद व्हती जी, लई दिसापासून," सांडू जमिनीकडे पाहत म्हणाला.

"मी कामात होते. माझ्या काही कानावर आलं नाही," लक्ष्मीताई म्हणाल्या.

मग बाई आत आल्या. साहेबांनी अदबीने खुर्ची दिली. "वडिलांची आठवण म्हणून ठेवलीय हो ही. नुसती शोभेची."

"दार लावा बरं जरा," बाई म्हणाल्या. दार लागले. त्यांनी सहज माझ्यावर बोट ठेवले आणि बटण दाबले.

टक. पेनाचे टोपण लावताना होतो तेवढाच आवाज. माझा मलाच जेमतेम ऐकू आला.

काचेपलीकडे सावली उठली. दार उघडले.

"जी साहेब!"

सांडू दारात उभा होता. जन्मभराच्या सवयीच्या कानांनी ती टकही टिपली होती. बाईंचे बोट अजून माझ्यावरच होते. सांडूने त्या बोटाकडे पाहिले, मग साहेबांकडे, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्हाला कोणी बोलावलं?" बाईंनी विचारले.

"घंटी..." सांडू म्हणाला आणि थांबला.

त्याच्या मागे सोनाजी येऊन उभे राहिले होते. ते ओरडले नाहीत. "सांडूदादा," एवढेच म्हणाले.

सांडू मटकन खाली बसला. "चालू व्हती, बाई. हातोडी म्याच काढली. त्या दिशी लई वाजली ती. म्या दारापातूर आलतो. मूठ धरली व्हती हातात. अन् माघारी फिरलो."

"सांडू!" साहेब ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांडूने "जी साहेब" म्हटले नाही.

तेव्हा बाहेरून लक्ष्मीताई आल्या. आपल्या नेहमीच्या जागी, दाराशी उभ्या राहिल्या. "मीपण ऐकली, मॅडम. घंटी मुन्शीची आहे, आपण कशाला उठायचं, असं मनाला सांगत बसले. पण आत काय चाललंय ते मला पक्कं माहीत होतं. माझ्या पहिल्या वर्षी त्या खुर्चीत मी होते. मी तर वाजवलीसुद्धा नाही."

साहेब काहीतरी कायद्याचे बोलू लागले. सदस्य लिहीत होते. सांडू तसाच बसल्या बसल्या सुगंधाकडे वळला आणि त्याने हात जोडले. "पोरी, भ्यालो गं मी. पोराची नोकरी डोळ्यापुढं आली. माफ कर मामाला."

सुगंधाने त्याच्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते.

"मामा, काचेतून मला तुमची सावली दिसली होती," ती म्हणाली. "तुम्ही आलात असं वाटलं, म्हणून तर मी घंटी वाजवायची थांबले."

सांडूने तोंड झाकून घेतले. मलाही तेव्हा कळले की तिने बोट का काढले होते.

समितीचा अहवाल सुगंधाच्या बाजूने गेला. साहेबांनी त्यावर अपील केले आहे. बाररूममध्ये ते आले की काही जण अजून उठून उभे राहतात, काही जण आता बसून राहतात. लक्ष्मीताईंनी ऑफिस सोडले आणि कोर्टाच्या आवारात स्वतःचे टेबल मांडले. त्यांनी सुगंधाला सोबत बोलावले होते. "नको ताई," ती म्हणाली, "पण भेटत जाऊ." ती पैठणच्या कोर्टात काम करते. सांडू गावी असतो. सोनाजींच्या दारात तो दोनदा जाऊन आला म्हणतात. त्यांनी त्याला चहा दिला, पण बोलले नाहीत.

मला पुरावा म्हणून कापडी पिशवीत बांधून समितीच्या कपाटात ठेवले आहे. मध्यंतरी शहराचे नाव बदलले, इथल्या ऑफिसाची पाटी बदलली, पिशवीची गाठ मात्र कोणी सोडली नाही. मला कोणी घासत नाही. मी काळी पडले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. इथे येणाऱ्या बायकांचे बोलणे मी ऐकते. प्रत्येकीच्या बोलण्यात कोणीतरी बाहेर बसलेले असते.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, चकचकीत करा, असे मी म्हणणार नाही. मी नुसते पितळ आहे. खणखणीत वाजूनही मी कोणाला वाचवू शकले नाही. पण तुम्हाला पाय आहेत. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठल्याशा ऑफिसात बसाल, आणि बंद दारामागून तुम्हाला आवाज येईल. तेव्हा ती घंटी कोणाची, साहेब कोण, आपण कोण, याचा विचार करत बसू नका. उठा आणि दार उघडा. दारापर्यंत जाऊन मागे फिरू नका, कारण तुमची सावली पाहून आतल्या माणसाने हाक मारणे थांबवलेले असते.